खंडणी आणि घरपट्टी
(मलकापूरच्या गावतिजोरीची कहाणी)

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे दोन वस्तूंना मान मिळतो. दुकानात, गादीवर, नवी चोपडी मांडतात. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि मग वर्षाच्या जमाखर्चाला आरंभ होतो. घरात त्याच घटकेला नवी केरसुणी पाटावर येते. गृहिणी तिला हळदकुंकू वाहते आणि तिला लक्ष्मीच म्हणते. एकीकडे हिशेब, दुसरीकडे झाडलोट. आपल्या पूर्वजांनी या दोहोंना एकाच मुहूर्तावर का बसविले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. पण ज्याने कधी नगरपालिकेचा कारभार जवळून पाहिला असेल, त्याला या जोडीचे मर्म चटकन उमगेल. चोपडी जागेवर नसेल तर केरसुणी चालत नाही, आणि केरसुणी चालली नाही तर चोपडीत जमा झालेल्या पैशाला अर्थ उरत नाही. गावाचा कारभार म्हणजे या दोन वस्तूंचा संसार होय.

हा संसार कसा मांडला गेला, कसा रखडला आणि आज कोठवर आला आहे, हे सांगावयास एखादी मुंबई किंवा एखादे पुणे घेण्याचा मोह होतो. पण मोठ्या शहरांची चरित्रे पुष्कळांनी लिहिली आहेत. म्हणून आज वाचकांना मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापुरास नेणार आहे. नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने भुसावळ सोडले, की थोड्याच वेळात हे स्टेशन येते. जिल्ह्याचे ठाणे बुलढाणे डोंगरावर. तेथे आगगाडी पोहोचत नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या गावाला जाणारा कितीतरी प्रवासी आजवर मलकापुरास उतरला आहे, फलाटावर चहा प्यायला आहे आणि गावात न डोकावताच पुढच्या मोटारीत बसला आहे. आज आपण थोडे डोकावू.

गाव नळगंगेच्या काठी वसले आहे. ही नळगंगा पुढे पूर्णेला मिळते. खानदेशच्या फारुकी घराण्यातील एका राजपुत्राने हे गाव वसविले आणि राजकन्येच्या, म्हणजे मलिकेच्या, नावावरून त्याला मलकापूर म्हटले, अशी परंपरागत समजूत आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त नरनाळा सरकारातील एका परगण्याचे ठाणे म्हणून त्याचा उल्लेख येतो. खानदेश आणि वऱ्हाड यांच्या सांध्यावरचे ठाणे ते. तेव्हा माल, फौजा आणि फौजांच्या मागोमाग येणारी आपत्ती, या तिन्ही गोष्टी त्याच्या दारावरूनच जावयाच्या.

१७६१ हे साल मराठी माणसाच्या काळजात पानिपतासाठी कोरलेले आहे. त्याच सालची मलकापूरची एक लहानशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. रघुनाथराव पेशव्याच्या फौजेने आपले गाव लुटू नये म्हणून मलकापूरकरांनी ६०,००० रुपये मोजून दिले. गॅझेटियरकाराने ही नोंद गावाच्या श्रीमंतीचा पुरावा म्हणून केली आहे, आणि त्यात तो चुकला नाही. अठराव्या शतकात साठ हजार रुपये उभे करणारी पेठ सामान्य नव्हे. पण मला या नोंदीत दुसरेच काही दिसते. हे पैसे गोळा झाले असतील कसे? कोणाच्या घरावर किती, कोणत्या दुकानावर किती, याची काही तरी वाटणी झालीच असेल. साऱ्या गावाने मिळून साऱ्या गावासाठी पैसे काढले. म्हणजे कराचे अर्धे अंग तेथे हजर होते. दुसरे अर्धे अंग मात्र नव्हते. त्या पैशातून गावात एक विहीर झाली नाही, एक दिवा लागला नाही. गावाला एवढेच मिळाले, की त्या वेळेपुरते घरदार शाबूत राहिले. पुढच्या फौजेने पुन्हा हात पसरला तर जुनी पावती दाखवून भागणार नव्हते. पैसे दिल्यावर त्यांचा हिशेब विचारण्याची सोय जेथे नाही, तेथे त्या पैशाला खंडणी म्हणावे.

वऱ्हाडाची तेव्हाची स्थितीच तशी होती. निजामाचा अंमल आणि मराठ्यांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क, असा दुअंमली कारभार तेथे चालला होता. दोन धनी म्हणजे दोन वसुल्या, आणि गाव सांभाळावयाची वेळ आली की धनी एकही नाही! १८०३ साली शिंदे आणि भोसले यांच्या छावण्या मलकापूरच्या परिसरात पडल्या होत्या. कंपनी सरकारचा वकील कर्नल कॉलिन्स याने वेलस्लीचा निर्वाणीचा खलिता पोहोचविला आणि ३ ऑगस्टला शिंद्यांची छावणी सोडली. पुढे असई झाली, आडगाव झाले, आणि मराठी राज्याचा मोठा भाग त्या चार महिन्यांत हातचा गेला. इतिहासाच्या पुस्तकात या प्रसंगाला पान आहे. पण त्या छावण्यांना दाणागोटा, चारा, लाकूडफाटा कोणी पुरविला, त्याचे दाम कोणास मिळाले, हे कोणत्याही पुस्तकात नाही. १८४९ साली मोगलराव नावाच्या एका बंडखोराने गाव लुटले आणि तटावर भोसल्यांचे निशाण लावले. तट होता, वेशी होत्या, साठ हजार मोजल्याची आठवणही असेल. तरी लूट झालीच. तट आणि खंडणी, संरक्षणाचे हे दोन्ही जुने उपाय त्या दिवशी निकामी ठरले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८५३ साली, एक विलक्षण गोष्ट घडली. निजामाच्या हद्दीत इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेचा पगार थकला होता. त्या देण्यापोटी निजामाने अख्खा वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून दिला. सामान्य माणूस घर किंवा शेत गहाण टाकतो. येथे प्रांतच गहाण पडला. १९०२ साली हा व्यवहार कायमच्या भाडेपट्ट्यात बदलला. सालीना पंचवीस लाख रुपये निजामास देण्याचे ठरले आणि पुढल्या साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. हा करार झाला त्यात मलकापूरच्या रहिवाशाला कोणी विचारले नाही. त्याच्या गावाचे उत्पन्न कोणाकडे जावे, हे हैदराबाद आणि कलकत्ता येथे ठरत होते.

पण त्याच सुमारास गावाचे रूप पालटत होते, आणि ते पालटविणारी वस्तू होती कापूस. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. नेमक्या त्याच दशकात आगगाडी आली. १८६७ साली ती नागपुरास पोहोचली. मलकापूर मुंबईपासून ३०८ मैलांवरचे स्टेशन झाले. सरकी काढणारे जीन आले, गाठी बांधणारे प्रेस आले, दलाल आले, अडते आले, हमाल आले. कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागू लागल्या.

वाचकहो, नगररचना हा शब्द आपणास पुस्तकी वाटतो. पण तिचा पहिला प्रश्न अशा जागीच जन्मास येतो. जुने गाव तटाच्या आत, नदीकाठी. नवे स्टेशन तटाबाहेर. मधल्या मोकळ्या रानातून रोज शेकडो गाड्या जाणार. हा रस्ता कोणी बांधावा? त्याच्या कडेला गटार कोणी काढावे? गाडीवानाच्या बैलांना पाणी कोणी द्यावे? रात्री दिवा कोणी लावावा? अडत्याचे काम कापसाशी, रेल्वेचे काम रुळाशी, सरकारचे काम शेतसाऱ्याशी. रस्त्याचा फायदा सर्वांना, पण तो बांधण्याची जबाबदारी कोणा एकाची नाही. जे सर्वांच्या उपयोगाचे आहे पण कोणाच्याही एकट्याच्या दुकानात विकत मिळत नाही, ते पुरविण्यासाठी नगरपालिका लागते. अर्थशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ याहून फारसे निराळे सांगत नाहीत.

लॉर्ड रिपनने १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. गावकारभार काटकसरीने चालावा एवढाच त्याचा हेतू नव्हता. लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे, हा हेतू त्याने उघड बोलून दाखविला होता. वऱ्हाडासाठी १८८६ साली नगरपालिकांचा कायदा झाला. मलकापुरात नगरपालिका आली ती १९०५ साली. १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती १३,११२ होती. १९०५ सालीच वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या, खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. जिल्हा मोठा झाला आणि गावाला आपली चोपडी मिळाली.

चोपडी मिळाली, पण तिच्यात जमा काय मांडावयाचे? गावतिजोरीचे उत्पन्न स्थूलमानाने चार वाटांनी येते. घरावरचा आणि जमिनीवरचा कर ही पहिली वाट. गावात येणाऱ्या मालावरची जकात ही दुसरी. पाणी, बाजार, परवाने यांसारख्या सेवांबद्दलचे मोल ही तिसरी. आणि वरच्या सरकारने दिलेले अनुदान ही चौथी. पहिल्या वाटेत देणारा शेजारी राहतो आणि तोच मतदारही असतो. म्हणून घेणाऱ्याचा हात अडखळतो. दुसऱ्या वाटेत देणारा बहुधा परका किंवा नकळत देणारा असतो. म्हणून ती वाट साऱ्यांना आवडते. आपल्या नगरपालिकांच्या शंभर वर्षांच्या इतिहासाची किल्ली या आवडीनिवडीतच आहे.

वऱ्हाडात याचे पहिले उदाहरण कापसाच्या बाजारांनी दाखविले. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी एक कायदा झाला. बाजाराचे नियमन करणारे हिंदुस्थानातील आरंभीचे कायदे कोणते म्हटले, की त्याचे नाव निघते. वजनमाप, दलाली, अडत यांना त्याने शिस्त लावली. बाजारावर पाच जणांची समिती असे. तिघे कापूस-व्यापारी आणि दोघे नगरपालिकेचे किंवा स्थानिक मंडळाचे. ज्याने कापूस पिकविला त्या शेतकऱ्याला मात्र त्यात खुर्ची नव्हती. बाजाराच्या फीतून जे उरे, ते गावकारभाराच्या कामी येई. म्हणजे फी भरे ती खेड्यातून आलेली गाडी आणि दिवा लागे गावातल्या बोळात! शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात बाजारातील पैसा बाजाराच्याच सुधारणेला लागावा, असे बजावले. कर देणारा एक आणि सुख भोगणारा दुसरा, असे झाले की खंडणीचा वास पुन्हा येऊ लागतो, हे त्या आयोगाने ओळखले होते.

जकातीची गोष्टही याच वंशातली. ज्यांनी जकातनाका पाहिला आहे, त्यांना तो आठवण करून द्यावा लागणार नाही. वेशीवर आडवा बांबू, बाजूला एक खोली, आत मेणकापडाने झाकलेले टेबल आणि त्यावर पावत्यांचे पुस्तक. गावात खपावयाला, वापरावयाला किंवा विकावयाला येणारा माल असेल तर त्यावर जकात. गावातून नुसता पुढे जाणारा असेल तर भरलेले पैसे परत. हा परतावा मिळविता मिळविता व्यापारी मेटाकुटीस येई. मालमोटारींच्या रांगा लागत, चिरीमिरीची तोंडे उघडत, आणि गरिबाच्या गुळातेलाचा भाव नाक्यावरच चढे. इतके दोष असूनही नगरपालिकांचा जीव जकातीत होता. ती रोजच्या रोज रोख मिळे, गावची पेठ वाढली की तीही आपोआप वाढे आणि तिच्यासाठी कोणत्याही नगरसेवकाला शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागत नसे. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या हद्दीतली जकात १९९९ साली उठली. नाक्यावरचा बांबू गेला, मोटारी मोकळ्या धावू लागल्या, व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जकातीच्या बदली राज्य सरकारचे अनुदान सुरू झाले. पण त्याबरोबर एक गोष्ट हळूच निसटली. गावची पेठ भरभराटली तर गावची तिजोरी भरते, हे नाते तुटले. घरचे दुभते जनावर विकून माणूस उकाड्याच्या दुधावर राहू लागला, म्हणजे पुढे जे होते ते नगरपरिषदांचे झाले. दूध येते, पण किती आणि केव्हा, हे गवळ्याच्या हाती.

मग घरची म्हणावी अशी कोणती वाट उरली? घरपट्टी. या घरपट्टीचे गणित मोठे सोपे आहे. तरी ते समजून न घेताच आपण तिला शिव्या देतो. घर भाड्याने दिले तर वर्षाला काय येईल, हा तिचा पाया. समजा, एखाद्या घराचे रास्त भाडे महिना हजार रुपये आहे. वर्षाचे झाले बारा हजार. दुरुस्तीखर्चासाठी त्यातून दहावा हिस्सा सोडावयाचा. उरले दहा हजार आठशे. या रकमेवर शेकडा जो दर ठरेल तो लावला, की घरपट्टी तयार. कायद्याप्रमाणे ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हावी लागते. यात अन्याय कोठे शिरला? मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४९ साली घरभाडे नियंत्रणाचा हुकूम निघाला. भाडेकरूला त्याने आसरा दिला, हे खरेच. पण भाडी गोठली आणि त्यांवर आधारलेली घरपट्टीही पुष्कळ ठिकाणी गोठली. पेठेतला माडीचा वाडा जुन्या भाड्याच्या आधाराने थोडके भरी आणि गावाबाहेर कर्ज काढून बांधलेले मास्तरांचे दोन खोल्यांचे घर नव्या हिशेबाने जास्त भरी. तशात फेरआकारणी करावी तर निवडणूक तोंडावर. मग ‘पुढच्या साली पाहू’ हा आपला राष्ट्रीय मंत्र आहेच. अशा प्रकारे जी वाट सर्वांत स्वच्छ आणि स्वतःची, तिच्यावरच सर्वांत जास्त गवत माजले.

या दारिद्र्याचा सर्वांत मोठा घाव बसला तो नगररचनेवर. महाराष्ट्राने १९६५ साली नगरपरिषदांचा कायदा केला आणि १९६६ साली प्रादेशिक व नगररचनेचा. या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक गावाने आपला विकास आराखडा करावा असे ठरविले. आराखडा म्हणजे पुढील वीसेक वर्षांच्या गावाचे चित्र. कोठे राहावे, कोठे व्यापार करावा, कोठे कारखाना असावा, हे त्यात रंगांनी दाखवितात. आणि शाळा, दवाखाना, क्रीडांगण, बाग, भाजीबाजार, रुंद रस्ता यांसाठी जागा राखून ठेवतात. नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा फार सुंदर दिसतो. पण राखलेली जागा कोणाची तरी असते, आणि ती घ्यावयाची तर मोबदला द्यावा लागतो. कायदा म्हणतो, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतर ठराविक मुदतीत पालिकेने पाऊल उचलले नाही, तर ते आरक्षण संपले. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवण्याचा हक्क कोणाला? पण तिजोरीत खडखडाट असला, की नकाशावरची हिरवी चौकट मुदत संपताच पुसली जाते आणि मुलांच्या मैदानावर दुकानांचे गाळे उभे राहतात. ज्या आराखड्याच्या मागे चोपडी नाही, तो आराखडा रंगीत कागद होय.

यावर उपाय पूर्वीच सापडला होता. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. त्यात अशी युक्ती होती, की एका भागातील सर्वांची शेते कागदावर एकत्र करावी, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढाव्या आणि उरलेले नीटस भूखंड पुन्हा मूळ मालकांत वाटावे. भूखंड लहान होतो, पण रस्त्यावर आल्याने त्याचे मोल वाढते. या वाढीचा काही भाग मालकाने योजनेच्या खर्चासाठी द्यावा. न्याय साधा आहे. रस्ता साऱ्या गावाच्या पैशाने होतो. मग त्यामुळे चढलेला जमिनीचा भाव एकट्या मालकाच्या खिशात का जावा? वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून मलकापूरच्या स्टेशनरस्त्याला या कायद्याचा लाभ झाला नाही. पण हा न्याय कोणत्याही इलाख्यात न्यायच आहे.

पैसा आणि नकाशा यांची कथा येथवर झाली. पण केवळ त्यांनीच गाव सुधारते असे म्हटले तर मी केरसुणीला विसरलो असे होईल. आणि केरसुणीची सर्वांत सुंदर कथा दिवाळीचीच आहे. तिच्यासाठी सातपुडा आणि नर्मदा ओलांडून होळकरांच्या इंदुरास जावे लागेल. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटलंडचा विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा तो पहिला प्राध्यापक झाला. जुन्या पेठा पाडून सरळ रस्ते काढणाऱ्या इंजिनियरांवर त्याचा राग असे. दुखरा भाग तेवढा हलक्या हाताने कापावा आणि बाकीचे शरीर जपावे, असे त्याचे म्हणणे. इंदुरात प्लेगने कहर केला होता. गेडीसने महाराजांकडे एका दिवसाचे राज्य मागितले आणि त्या राज्याचा उपयोग दिवाळीच्या मिरवणुकीसाठी केला. मिरवणूक कोठून जाणार, हे आधी जाहीर केले नाही. जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून ती जाईल, एवढेच सांगितले. मग काय विचारता! घरोघर झाडलोट सुरू झाली, भिंतींना रंग लागले, वर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या वेषात, गळ्यात फुलांच्या माळा घालून, नव्या केरसुण्या घेऊन शहराचे सफाई कामगार चालले होते. ज्यांची सावली टाळावयाची असे समाजाने शिकविले होते, त्यांना शहराने त्या दिवशी हार घातले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळून दारूकाम उडाले.

एका दिवसाचे ते कौतुक होते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या गावांची स्वच्छता पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाच्या डोक्यावरून वाहिली गेली. त्यांच्या मजुरीत काटकसर करून आपण घरपट्टी हलकी ठेवली. गावाच्या चोपडीत हे देणे कधी मांडलेच गेले नाही. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा पहिला देशव्यापी कायदा १९९३ साली झाला आणि तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३ साली करावा लागला, यावरून हे देणे किती जुने आणि किती हट्टी आहे ते कळते. कर वाढला म्हणून कुरकुर करताना या थकबाकीची आठवण ठेवावी.

आता पुन्हा मलकापूर. पण या वेळी दुसरे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला लागून याच नावाचे एक गाव आहे, आणि पत्रे चुकून एकाची दुसऱ्याकडे जात असतील तर नवल नाही. तेथे एक प्रयोग झाला. नळाला मीटर बसवून गावाला चोवीस तास पाणी दिले. जो जास्त वापरील त्याला चढता दर. पहिल्याने लोक बिचकले. पण पाणी केव्हाही मिळते हे पटले तशी साठवण्याची घाई गेली आणि नासाडीही आटली. सेवेचे मोल सेवेच्या मापाने घ्यावे, हे तत्त्व तेथे नळाच्या चकतीवर वाचता येते. आमच्या वऱ्हाडी मलकापुराने आपल्या नावभगिनीकडून एवढे मागून घ्यावयास हरकत नाही. ओळख निघेलच!

१९०१ साली तेरा हजारांचे असलेले गाव २०११ च्या शिरगणतीत सदुसष्ट हजारांवर गेले. मुंबई-कलकत्त्याकडचा हमरस्ता त्याच्या अंगावरून जातो. दसरखेडला औद्योगिक वसाहत आहे. माणसे वाढली, मोटारी वाढल्या, गरजा वाढल्या. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, राज्याने वित्त आयोग नेमावा असे सांगितले आणि स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने पुढे त्या निम्म्या केल्या. अनुदान देणाऱ्यांनीही आता एक अट घातली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सांगितले, की घरपट्टीचा किमान दर ठरवा आणि वसुली वाढवून दाखवा, मग अनुदान मागा. म्हणजे फिरून फिरून गाडी घरपट्टीपाशीच आली. स्वतःच्या घरची चूल पेटती ठेवील त्यालाच शेजारी विस्तव देतो.

मला सर्वांत मोठी आशा आहे ती त्या निम्म्या जागांची. महिन्याच्या अखेरीस डब्यात किती उरले, कोणाचे देणे आधी भागवावे, कोठे ओढून धरावे आणि कोठे हात सैल सोडावा, हे आपल्या घरातल्या स्त्रीला कोणत्याही अंदाजपत्रकाशिवाय ठाऊक असते. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक याहून अवघड नाही. ते फक्त लांबलचक आणि कंटाळवाण्या भाषेत लिहिलेले असते. ते दरसाल सभेपुढे येते. आपण नाटकाचे तिकीट काढावयास रांग लावतो, पण आपल्याच पैशाची ही चोपडी उघडून पाहावयास जात नाही.

म्हणून या दिवाळीत एवढेच करावे. लक्ष्मीपूजन झाले, केरसुणीला हळदकुंकू वाहिले, की पेटीतली घरपट्टीची पावती काढून पाहावी. ती भरली आहे काय, हा पहिला प्रश्न आपल्याला. तिचे काय केले, हा दुसरा प्रश्न नगरपरिषदेला. पहिल्याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याला दुसरा विचारण्याचा पुरा अधिकार आहे. १७६१ साली मलकापूरकरांनी ६०,००० रुपये मोजले तेव्हा हा दुसरा प्रश्न विचारावयास त्यांना जागाच नव्हती. आपल्याला ती आहे. पैसे तेव्हाही गावानेच दिले आणि आजही गावच देते. पण आज त्या पावतीच्या मागे प्रश्न उभा राहू शकतो, आणि तो उभा राहील तोवर तिला खंडणी म्हणण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.